सल्ला हवा: सोसायटीच्या नाताळ पार्टीसाठी खेळ (गच्ची, मनीषनगर, नागपूर, बजेट ३००० रुपये)

बी_विंग_मनीषनगर | १० डिसेंबर, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. रविवारच्या मीटिंगला मी पाच मिनिटं उशिरा पोचले, तेवढ्यात नाताळच्या कार्यक्रमाची जबाबदारी माझ्या नावावर लिहून सगळे मोकळे झाले होते. आता तुम्हीच सांगा काय करू.

२८ फ्लॅट आहेत. मुलं बावीसेक, सगळ्यात लहान ४ वर्षांचं, दोघं तेरा-चौदाचे. मोठी माणसं तीसेक, त्यात पाच-सहा आजी-आजोबा, एक आजी वॉकर घेऊन चालतात. जागा गच्ची, लिफ्ट वरपर्यंत जाते. २४ तारीख, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. खेळ आणि बक्षिसं मिळून ३००० रुपये. खाण्याचं दुसरी समिती बघतेय, त्यात मला पडायचं नाही.

डीजे नको, मोबाइलवरचे खेळ नकोत आणि संगीत खुर्ची तर अजिबात नको. मागच्या वर्षी प्लास्टिकची खुर्ची सरकली आणि एका मुलाची हनुवटी फुटली, तीन टाके पडले. त्याची आई खुर्च्या मांडणाऱ्या काकूंशी अजून बोलत नाही.

दोन ख्रिश्चन कुटुंबं आहेत, बाकी आम्ही नुसते हौशी.

तांबोला_काकू | रात्री ९.३१

हौजी. बाकी काही शोधू नकोस. त्रिमूर्तीनगरच्या आमच्या महिला मंडळात मी सतरा वर्षं हौजी घेतेय. माझा स्वतःचा लाकडी बोर्ड आहे, नव्वदच्या नव्वद सोंगट्या शाबूत. मध्ये ६३ ची हरवली होती, ती सोफा सरकवल्यावर सापडली. पुकारा नुसता आकडा वाचून करायचा नाही, त्यात गंमत आणायची. १ आला की मी म्हणते "एकटा जीव", ११ आला की "दोन काठ्या". अर्ली फाइव्ह, चार कोपरे, तीन ओळी, फुल हाउस अशी बक्षिसं लाव. तिकीट १० रुपये ठेवलंस तर बक्षिसांचे पैसे तिकिटातूनच निघतात, तुझे ३००० जसेच्या तसे राहतात.

दोन_पोरांचा_बाप | रात्री ९.४०

काकू, मान ठेवून सांगतो. चार वर्षांच्या पोराला ६३ काय आणि ३६ काय. आमच्याकडे हौजी पन्नास मिनिटं चालली. मोठे "जरा जोरात, जरा जोरात" करत होते आणि पोरं पाण्याच्या टाकीवर चढली होती. एकाने वॉल्व्ह फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सी विंगला पाणी नव्हतं.

बर्डीचा_बंड्या | रात्री ९.५८

ताई, हौजी-गिवजी सोडा. पोट्ट्यायले धावाले पाहिजे. आम्ही मागच्या खेपेले लिंबू-चमचा ठेवला होता, पण लिंबाच्या जागी चॉकलेटचा गोळा. नाताळ आहे म्हटलं, जरा येगळं. एक पोट्टं मधातच थांबलं, गोळा खाल्ला अन् रिकामा चमचा घेऊन पयालं. पह्यला नंबर त्याचाच. त्याच्या बापानं भांडून घेतला, म्हणे नियमात "खाऊ नये" असं लिहिलं होतं का?

इव्हेंट_नंदनवन | रात्री १०.१५

नमस्कार. आमच्याकडे नाताळ पॅकेज आहे: अँकर, सांताक्लॉज, बबल मशीन, बर्फाचा फवारा, ३ तास. १२,००० पासून पुढे. संपर्कासाठी निरोप पाठवा.

दोन_पोरांचा_बाप | रात्री १०.१७

बजेट ३००० आहे हो.

इव्हेंट_नंदनवन | रात्री १०.१८

१०,५०० पर्यंत करून देऊ.

कोथरूडहून_नागपुरात | रात्री १०.३६

खेळाचं नंतर. धाग्याच्या नावात "नाताळ" आहे ते बरं वाटलं, हल्ली सगळे ख्रिसमसच म्हणतात. नाताळ हा शब्द पोर्तुगीज "नाताल" वरून आपल्याकडे आला, म्हणजे जन्म, जन्माचा सण. पाव, बटाटा, चावी, बादली यांचंही तेच. मुलांची प्रश्नमंजूषा घ्या: घरातले पोर्तुगीज शब्द ओळखा. खर्च शून्य.

बर्डीचा_बंड्या | रात्री १०.४१

सुट्टीत पोट्ट्यायचा पेपर घेता का दादा?

खामल्याचा_इंजिनिअर | रात्री ११.०५

चॉकलेटचा चेंडू करा. स्वयंपाकघरात गुंडाळायचं पारदर्शक प्लास्टिक असतं, त्याचे दोन रोल आणा. मध्ये मोठं बक्षीस ठेवा आणि गुंडाळत जा, प्रत्येक दोन-तीन वेढ्यांनंतर एक गोळी, रबर, पेन्सिल, दहाची नोट असं काहीतरी अडकवा. मुलं गोल बसतात. एकाच्या हातात चेंडू, शेजारच्याच्या हातात दोन फासे. शेजारच्याला दोन्ही फाशांवर सारखा आकडा येईपर्यंत पहिल्याने सोलायचं, जे पडेल ते त्याचं. जोडी आली की चेंडू पुढे. आमच्या ऑफिसात केला होता, मोठी माणसं दातांनी प्लास्टिक तोडत होती.

दोन सूचना. रोलचं टोक सलग ठेवू नका, तुकडे तुकडे करून गुंडाळा, नाहीतर एकच हुशार मुलगा भसाभस उलगडून निम्मा माल नेतो. आणि बावीस मुलांना एक चेंडू पुरणार नाही, तीन गट करा.

वाचनमात्र_होतो | रात्री ११.२०

जोडी येण्याची शक्यता ६ मध्ये १. एकाच फाशावर सहा येण्याचीही ६ मध्ये १. मग दोन फासे कशाला?

खामल्याचा_इंजिनिअर | रात्री ११.२४

दोन फाशांचा आवाज येतो.

वाचनमात्र_होतो | रात्री ११.२६

हे कारण होत नाही.

खामल्याचा_इंजिनिअर | रात्री ११.३३

सहाच्या सहा जोड्या चालतात, त्यामुळे मुलांना आपण कशाचीही वाट बघतोय असं वाटतं. एकाच सहाची वाट बघताना कंटाळा येतो. गणित सारखं असलं तरी मजा सारखी नाही. तुम्ही खेळून बघा, मग बोलू.

तांबोला_काकू | ११ डिसेंबर, सकाळी ७.०२

हौजीत हा वाद होत नाही.

सदरवाली | सकाळी ८.४५

ताई, खेळांच्या आधी तारखेचं बोलते. तुमच्याकडची दोन कुटुंबं २४ ला संध्याकाळी येतील असं धरू नका. २४ च्या रात्री आमची उपासना असते, कुठे दहाला, कुठे अकराला सुरू होते. त्याआधी घरात करंज्या तळायच्या असतात, मुलांचे नवे कपडे, चर्चमधल्या नाटुकल्याची शेवटची तालीम. माझा मुलगा तीन वर्षं मेंढपाळ होतो आहे आणि दर वर्षी २४ लाच त्याची काठी हरवते. २५ ला सकाळी पुन्हा चर्च, मग दिवसभर पाहुणे. त्याआधीच्या आठवड्यात कॅरल म्हणत घरोघरी फिरणं असतं. तुमच्या पार्टीला ती कुटुंबं आली तर अर्धा तास येतील आणि त्यातली वीस मिनिटं घड्याळ बघतील.

२६ नंतर ठेवा. उशीर झाला असं वाटून घेऊ नका, आमच्याकडे नाताळचे दिवस ६ जानेवारीपर्यंत धरतात.

आणि त्यांना एक काम द्या. पाहुणे म्हणून खुर्चीवर बसवून ठेवू नका, फार अवघडल्यासारखं होतं. आमच्या जुन्या सोसायटीत मला दर वर्षी स्टेजवर बोलावून गुलाबाचं फूल द्यायचे.

बी_विंग_मनीषनगर | सकाळी ९.१०

हे मला सुचलंच नव्हतं. त्यांच्याशी आजच बोलते. तारीख अजून नोटीस बोर्डावर लागलेली नाही, थोडक्यात वाचले.

पाचव्या_मजल्यावरचा | सकाळी ११.२०

सीक्रेट सांता करू नका, एवढंच सांगायला आलो. आम्ही केला. मर्यादा १०० रुपयांची. मला मग आला. बायकोला मग आला. मुलाला मग आला, त्यावर "बेस्ट बॉस". तो सहावीत आहे. एका घराला अचानक गावी जावं लागलं आणि त्यांच्याकडून ज्या मुलीला भेट जायची होती ती रिकाम्या हातानं रडत बसली. शेवटी मी माझा मग दिला. तिच्या घरीही आधीच एक आला होता.

दोन_पोरांचा_बाप | सकाळी ११.३२

जास्तीच्या तीन-चार भेटी गुंडाळून बाजूला ठेवायच्या, की हा प्रश्न सुटतो.

पाचव्या_मजल्यावरचा | सकाळी ११.३५

ठेवल्या होत्या. मगच होते.

ढोल_पथक_महाल | दुपारी १.१५

हौजी ठेवा ना. सगळ्या वयाचे खेळतात.

दोन_पोरांचा_बाप | दुपारी १.१६

वरचं वाचा भाऊ.

सोनेगावची_टीचर | दुपारी ३.५०

मी बालवाडी शिकवते, त्यामुळे चार ते सहाच्या मुलांचं मला कळतं असं समजा. तीन गोष्टी हमखास चालतात.

नाकावर व्हॅसलीन लावायचं आणि हात न लावता नाकानं कापसाचे बोळे एका ताटलीतून दुसऱ्यात न्यायचे. थंडीत व्हॅसलीन प्रत्येक घरात असतंच. बोळा अगदी सुपारीएवढा करा, मोठा केला की गळून पडतो.

पार्सल फिरवणं. वर्तमानपत्राचे पंधरा-वीस थर, प्रत्येक थरात एक चिठ्ठी. "मांजरासारखं ओरडून दाखव", "आजीला मिठी मार" अशी. "गाणं म्हण" लिहू नका. लाजरी मुलं गप्प उभी राहतात, त्यांच्या आया बाजूनं कुजबुजतात आणि सगळा खेळ तिथे अडतो.

तिसरं हिममानव. पुस्तकांत टॉयलेट पेपरनं गुंडाळा असं असतं. गच्चीवर वारा असेल तर तो पेपर दोन मिनिटांत कॉलनीभर होतो. मी आजोबांची जुनी धोतरं मागवते. एकाला गुंडाळायचं, डोक्यावर माकडटोपी, नाकाच्या जागी गाजर. गाजर रबरानं बांधा, हातात दिलं की खातात.

पेपर कपांचा मनोराही वाऱ्यात टिकत नाही. तो घरातला खेळ आहे.

कोथरूडहून_नागपुरात | दुपारी ४.२०

हिममानव नव्हे, "बर्फाचा बाहुला" जास्त मराठी वाटतं.

बर्डीचा_बंड्या | दुपारी ४.२२

आमच्या इथं बर्फ फक्त रसवंतीवर भेटते. दोन्ही चालते.

सांता_झालेला | सायंकाळी ५.४०

कोणी सांताबद्दल बोलत नाहीये म्हणून लिहितो. मी दोन वर्षं सांता झालो आहे. ड्रेस भाड्यानं आणला, डिपॉझिट वेगळं. दाढीला आधीच्या कुणाच्या तरी तंबाखूचा वास होता. "हो हो हो" करताना दाढीचा कापूस तोंडात गेला आणि मी खोकत खोकत पोरांच्या अंगावर चालून गेलो. दोन मुलं किंचाळली. एक अजून मला लिफ्टमध्ये बघून आईच्या मागे लपतं, साध्या कपड्यात सुद्धा.

करायचाच असेल तर सांताला बसवून ठेवा आणि मुलांना आपणहून त्याच्याकडे जाऊ द्या. सांतानं मुलांच्या मागे धावायचं नाही.

नळ_दुरुस्त_झाला | सायंकाळी ६.१५

फुगे आणणार असाल तर गॅसचे स्वस्त फुगे आणू नका. त्यात पुष्कळदा हायड्रोजन भरलेला असतो आणि तो पेट घेतो. मेणबत्त्या किंवा शेकोटी असेल तिथे तर मुळीच नको. तोंडानं फुगवा, फुकट आहे.

आणि बक्षिसांच्या खरेदीला बर्डीत जाणार असाल तर विधिमंडळाचं अधिवेशन उरकू द्या. काल मोर्च्यामुळे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ मी पाऊण तास अडकलो होतो. इतवारीत घाऊक भावात पेन्सिली, वह्या मिळतील.

बर्डीचा_बंड्या | सायंकाळी ६.३०

मोर्चा कोणाचा होता?

नळ_दुरुस्त_झाला | सायंकाळी ६.४४

अंगणवाडीवाल्या बायांचा असावा, लांबून गुलाबी साड्या दिसल्या. मागण्या रास्तच असतात हो त्यांच्या. पण माझ्या गाडीत आइस्क्रीम होतं.

(यापुढची मोर्चे, मानधन आणि उपराजधानी या विषयावरची ३१ उत्तरं वेगळ्या धाग्यात हलवली आहेत. कृपया खेळांवर बोला. संचालक)

संत्रामळा_काटोल | १२ डिसेंबर, सकाळी ६.१०

दोन दिवसांपासून वाचून राहिलो. नागपूरची पार्टी अन् संत्र्याचं कोणी नाव घेईना. सध्या अंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यातल्या तोडणीचा माल चालू आहे. संत्रं हनुवटीखाली धरायचं, हात मागं, अन् पुढच्याच्या हनुवटीखाली द्यायचं. दोन रांगा करा. ज्या रांगेचं संत्रं न पडता शेवटपर्यंत जाईल ती जिंकली. पोट्टे, बुढे, सगळे खेळतात. बसून बी होते.

खामल्याचा_इंजिनिअर | सकाळी ८.००

हे करू नका. आम्ही केलं होतं. संत्रं दाबलं की फुटतं. माझ्या शर्टाच्या कॉलरवरचा डाग अजून गेलेला नाही. मोसंबी वापरा, तिची साल घट्ट असते.

संत्रामळा_काटोल | सकाळी ८.१५

मोसंबी जड असते, लहान पोट्ट्याच्या हनुवटीत मावत नाही. तुम्ही संत्रं चुकीचं घेतलं. आपल्या संत्र्याची साल मुळातच सैल, म्हणूनच ते हातानं सोलता येते. पण जास्त पिकलं की साल अन् फोडी यांच्यात हवा भरते, ते दाबलं की पचकते. बोटानं दाबून पाहा, साल आत गेली तर ते खायले ठेवा. जरा हिरवट, लहान, टणक पाहून घ्या, ते खेळाले.

सोनेगावची_टीचर | सकाळी ९.२५

सर्दी-खोकल्याचे दिवस आहेत, हनुवटीला हनुवटी लावायची का? मला पटत नाही.

तांबोला_काकू | सकाळी ९.४०

मलाही नाही. शिवाय परक्या बाईच्या गळ्यात गळा घालून संत्रं द्यायचं म्हणजे काहीतरीच. हौजीत प्रत्येक जण आपापल्या जागी बसतो.

पाचव्या_मजल्यावरचा | सकाळी ९.४४

बायकांची एक रांग, पुरुषांची एक. झालं.

नळ_दुरुस्त_झाला | सकाळी १०.१०

गच्ची चिकट होईल. मुंग्या येतील. नको.

सदरवाली | सकाळी १०.५०

संत्र्यावरून आठवलं. नाताळात मोज्यात संत्रं ठेवायची जुनी पद्धत आहे. संत निकोलस, चौथ्या शतकातले मायराचे बिशप, हे गाव आता तुर्कस्तानात येतं. त्यांनी एका गरीब बापाच्या तीन मुलींसाठी गुपचूप सोनं टाकलं अशी कथा सांगतात, आणि संत्रं म्हणजे त्या सोन्याचा गोळा. सांताक्लॉज हे नाव त्यांच्याच नावावरून आलं.

माझी बहीण इंग्लंडमध्ये असते, तिच्या चर्चमध्ये मुलं नाताळात "क्रिस्टिंगल" करतात. संत्रं म्हणजे जग. त्याच्या कमरेला लाल फीत, ती ख्रिस्ताच्या रक्ताची खूण. चार बाजूंना चार काड्या, त्यांवर मनुका किंवा गोळ्या टोचलेल्या, ते चार ऋतू. वर मधोमध मेणबत्ती, जगाचा प्रकाश. मोरावियन चर्चनं १७४७ मध्ये जर्मनीत मुलांना फीत बांधलेली मेणबत्ती दिली, तिथून ही पद्धत निघाली असं मानतात. संत्रं त्यात पुढे आलं.

तुमच्या सोसायटीतल्या कुटुंबांना हे करून दाखवायला सांगा. गुलाबाच्या फुलापेक्षा बरं. मेणबत्ती पेटवू नका. पुढच्या मुलीची वेणी जळते, आमच्याकडे जळाली आहे.

कोथरूडहून_नागपुरात | सकाळी ११.१५

आपल्याकडे चार ऋतू नसून सहा आहेत. सहा काड्या लावाव्यात.

बर्डीचा_बंड्या | सकाळी ११.१८

नागपुरात दोनच आहेत दादा. उन्हाळा अन् थोडासा उन्हाळा.

इव्हेंट_नंदनवन | दुपारी १.००

बर्फाचा फवारा वगळून ८,००० मध्ये होईल.

ढोल_पथक_महाल | दुपारी २.१०

गच्चीवर रात्री फार थंडी वाजते. दव पडतं, खुर्च्या ओल्या होतात. मंडप टाका. लायटिंग, मंडप आणि दोन हॅलोजन, सगळं मिळून सहा-सात हजारात बसेल.

दोन_पोरांचा_बाप | दुपारी २.१२

बजेट ३०००.

सांता_झालेला | दुपारी २.३०

मंडप नको पण लायटिंग हवंच. लायटिंगशिवाय नाताळ कसला? दिवाळीच्या माळा प्रत्येकाकडे असतात, त्या मागा. आकाशकंदीलही लावा, चांदणीचा असेल तर उत्तम. आणि स्पीकर दहाला बंद करा, नाहीतर कोणीतरी फोन करतोच.

बी_विंग_मनीषनगर | १४ डिसेंबर, रात्री ८.२५

सगळ्यांचे आभार. ठरलं आहे. तुम्हाला आवडणार नाही.

२८ तारखेला, रविवारी, सकाळी दहा वाजता. उन्हात.

परवा दुपारी गच्चीवर वाळवण आणायला गेले तर पाच आज्या तिथेच होत्या, खुर्च्या उन्हात ओढून, समोर कागदावर संत्र्याची सालं. त्यांना रात्री साडेसहाला वर आणायचं म्हणजे शाली, कानटोप्या, मग आठ वाजता "मला खाली सोड गं". सकाळी त्या आधीच तिथे असतात. मंडप नको, लायटिंग नको, हॅलोजन नको, दहाचा स्पीकर नको. दोन्ही ख्रिश्चन घरांना विचारलं. रविवारी त्यांचं चर्च सकाळीच असतं, पण साडेदहापर्यंत येतो म्हणाले.

खाण्याच्या समितीनं केक आणि सामोसे ठरवले होते. सकाळ म्हटल्यावर ते तर्री-पोह्यांवर आले. आनंदानं आले.

खेळ: संत्रं हनुवटीवरून (हो, तेच), पार्सल, कापसाचे बोळे, आणि एक माझा: लोकरीचे हातमोजे घालून संत्रं एका सलग सालीत सोलायचं. शेवटी क्रिस्टिंगल, ते दोन्ही घरच्या मुली शिकवणार. हौजी नाही, सांता नाही, सीक्रेट सांता नाही. पहिला-दुसरा नंबरही नाही, जाताना प्रत्येकाला दोन संत्री. काटोलच्या दादांशी बोलणं झालं, दोन क्रेट, १४०० रुपये. बाकी फीत, काड्या, गोळ्या मिळून पाचशेत बसतंय.

तांबोला_काकू | रात्री ८.३१

सकाळी? नाताळची पार्टी सकाळी?

सांता_झालेला | रात्री ८.४०

सकाळी चांदण्या दिसणार नाहीत. माझं काही नाही, पण नाताळ म्हणजे रात्र. मूळ गोष्टीतच रात्र आहे. मेंढपाळ रात्री कळप राखत होते.

सदरवाली | रात्री ८.५२

ते खरं आहे. पण त्यांच्या बरोबर पाच आज्या नव्हत्या.

सोनेगावची_टीचर | रात्री ९.०५

बक्षीस नाही म्हटल्यावर मोठी मुलं खेळणार नाहीत. लिहून ठेवा.

खामल्याचा_इंजिनिअर | रात्री ९.१०

पांढरे शर्ट घालून येऊ नका असं नोटिशीत टाका.

ढोल_पथक_महाल | रात्री ९.४८

तर्री-पोहे आहेत तर मग हरकत नाही. किती वाजता म्हणालात?

बी_विंग_मनीषनगर | २९ डिसेंबर, दुपारी १२.०५

झालं एकदाचं. विचारलं होतं म्हणून सांगते.

दहाला सुरू करायचं होतं, पावणेअकरा झाले, कारण पोहे आधी आले. मोठ्या दोन मुलांनी टीचर म्हणाल्या तसंच केलं, टाकीला टेकून उभे राहिले. पण हातमोज्यांच्या खेळात त्यांना कोणी हसलं, मग ते मांडी घालून बसले ते उठेचनात. त्या खेळात वॉकरवाल्या आजी पुढे निघाल्या. लोकरीचे हातमोजे, एक साल, गोल गोल, मध्ये कुठे तुटली नाही. सोलून झाल्यावर त्यांनी ती साल पुन्हा संत्र्यासारखी मिटवून ठेवली आणि म्हणाल्या, "आमच्या घरी मळाच होता." हे चार वर्षांत कोणाला माहीत नव्हतं.

हनुवटीच्या खेळात एकूण सात संत्री फुटली. बायकांच्या रांगेत मी खुर्च्यावाल्या काकू आणि त्या मुलाची आई यांना मुद्दाम शेजारी उभं केलं होतं. संत्रं दिलं-घेतलं, पडू दिलं नाही. बोलल्या मात्र नाहीत.

एकाच्या डोळ्यात सालीचा रस उडाला, तो अर्धा तास रडला. पाण्यानं धुतल्यावर थांबला. क्रिस्टिंगलच्या काड्यांवरच्या गोळ्या फीत बांधायच्या आधीच संपल्या, म्हणून नुसत्या काड्या टोचलेली संत्री सगळ्यांनी घरी नेली. आमचं फ्रिजवर आहे, साळिंदरासारखं दिसतंय. गच्ची दोनदा धुवावी लागली आणि मुंग्या आल्या, हे मान्य.

खर्च १९६०.

नळ_दुरुस्त_झाला | दुपारी १२.२०

मुंग्यांचं मी सांगितलं होतं.

तांबोला_काकू | दुपारी १२.३४

उरलेल्या १०४० मध्ये ३१ ला हौजी बसते. बोर्ड मी घेऊन येईन.

संत्रामळा_काटोल | दुपारी १.१०

ताई, दोन्ही क्रेट बुधवारच्या गाडीनं वापस पाठवा. धुवून पाठवा, मुंग्या नको.